पळत्या गाडीचा पाठलाग: कधी सुरू करायचा, कोणी चालवायचा, कधी सोडायचा

गस्तीच्या गाडीनं इशारा केला आणि पुढची गाडी थांबली नाही, इथून पुढच्या दहा-पंधरा सेकंदांत बहुतेक चुका होतात. पाठलागाबद्दल प्रशिक्षणात गाडी चालवण्याच्या कौशल्यावर भर असतो आणि तो हवाच. पण अपघातात संपलेल्या पाठलागांचे कागद वाचले तर स्टिअरिंगच्या चुकांपेक्षा निर्णयाच्या चुका जास्त दिसतात. मुळात मागे लागायलाच नको होतं, थांबायची वेळ कळली नाही, किंवा थांबवणारा माणूस वायरलेसवर गप्प राहिला. म्हणून या मार्गदर्शिकेत निर्णयाला जास्त जागा दिली आहे. कायदा आणि अधिकार देशागणिक, खात्यागणिक बदलतात. स्वतःच्या खात्याचा स्थायी आदेश नेहमी वरचढ. इथे दिलं आहे ते कुठल्याही रस्त्यावर लागू पडणारं काम.

ड्युटी सुरू होण्याआधी

गाडी ताब्यात घेताना पाच मिनिटं द्या. टायरमधली हवा कंपनीनं दिलेल्या आकड्याइतकी आहे का ते गेजनं बघा, लाथ मारून नाही. नक्षीची खोली अनेक देशांत कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर लागते. ओल्या रस्त्यावर वेगानं जाणाऱ्या गाडीला तेवढी पुरत नाही, ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर असलेली गाडी पावसात पाठलागासाठी वापरू नये. ब्रेकचं पेडल दोन-तीन वेळा दाबून बघा. पेडल स्पंजासारखं लागलं तर गाडी बदलून मागा.

ब्रेक ऑइलचा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल साधारण २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट ४ साधारण २३० अंशांना. ही ऑइलं हवेतला ओलावा शोषतात. ओलावा शिरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ च्या आसपास येतात. पाठलागात वेग वाढवणं आणि जोरात ब्रेक मारणं एकामागून एक चालू राहतं, ऑइलला निवायला वेळच मिळत नाही. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. त्याआधी सूचना मिळते: जळका वास येतो, पेडल नेहमीपेक्षा खोल जातं. ही सूचना मिळाली की पाठलाग तिथेच संपला असं धरायचं.

गाडीत सुटं काहीही नको. पाण्याची बाटली, हेल्मेट, काठी, फाइल, सगळं डिकीत किंवा बांधून. जोरात ब्रेक मारला की सीटखालची बाटली घरंगळत येऊन ब्रेक पेडलखाली अडकते आणि पेडल दाबलंच जात नाही. सीटबेल्ट दोघांनीही लावायचा. सायरनचे सगळे आवाज वाजवून बघा, दिवे चारही बाजूंनी उभं राहून बघा, डॅशकॅमची तारीख-वेळ बरोबर आहे का ते बघा. वेळ चुकलेल्या चित्रणावर नंतर प्रश्न उभे राहतात.

न थांबणं म्हणजे पळणं नव्हे

इशारा करूनही गाडी लगेच थांबत नाही याची साधी कारणं पुष्कळ असतात. काचा बंद, गाणी चालू, आरशात बघायची सवय नाही. चालक बावचळला आहे. रात्रीची वेळ आहे, गाडीत एकटी बाई आहे आणि ती उजेडातली जागा शोधते आहे. मागची पोलिसांची गाडी साध्या रंगाची असेल तर ही शंका अगदी रास्त आहे. बहिरा चालकही असू शकतो. हळू चालवत, इंडिकेटर दाखवत पुढे जाणारी गाडी पळत नसते. तिच्या मागे शांतपणे राहा, नंबर कंट्रोल रूमला कळवा, अंतर ठेवा.

पळण्याची लक्षणं वेगळी. इशारा दिल्यावर वेग एकदम वाढणं, सिग्नल तोडणं, रात्री दिवे बंद करणं, ऐन वेळी गल्लीत वळणं, गाड्यांच्या मधून नागमोडी काढणं. चालकाला इशारा समजला आहे आणि तरी तो थांबणार नाही हे त्याच्या वागण्यातून दिसलं, आणि ते दिसूनही आपण मागे राहिलो, की तो पाठलाग झाला. मग वेग ४० असो वा १४०. "आम्ही फक्त मागे मागे जात होतो" हे वाक्य चौकशीत टिकत नाही.

निर्णय: मागे लागावं का

पहिला प्रश्न एकच. हा माणूस आत्ता निसटला तर पुढच्या काही तासांत कोणाच्या जिवाला धोका आहे का? अपहरण झालेलं मूल गाडीत आहे, किंवा गोळीबार करून पळालेला माणूस पुन्हा करण्याच्या बेतात आहे, तर उत्तर होकारार्थी. लायसन्स नाही, नंबरप्लेट फॅन्सी आहे, सिग्नल तोडला, साधी चोरीची गाडी आहे, तर नकारार्थी. अमेरिकेतल्या पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरमनं २०२३ मध्ये पोलीसप्रमुखांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत हीच रेघ ओढली आहे: हिंसक गुन्हा घडला असेल आणि तो माणूस लगेच दुसरा हिंसक गुन्हा करण्याचा धोका असेल, तरच पाठलाग. बऱ्याच अधिकाऱ्यांना ही अट जाचक वाटते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मागे लागण्याआधी जो गुन्हा होता तो तेवढाच राहतो. रस्त्यावरचा धोका मात्र मागे लागल्यामुळे तयार होतो, आणि त्याची किंमत बहुधा तिसराच कोणीतरी मोजतो, ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नसतो.

दुसरा प्रश्न: चालक कोण आहे हे कळलंय का, किंवा नंतर कळू शकेल का? नंबर खरा आहे, चेहरा ओळखीचा आहे, कॅमेऱ्यात चित्रण आहे, तर उद्या सकाळी त्याच्या दारात जाता येतं. ओळख पटली की पाठलागाचं निम्मं कारण तिथेच संपतं. हे पाठलाग सुरू असतानाही लागू आहे. मध्येच कंट्रोलनं नाव-पत्ता दिला तर तो पुन्हा तोलून बघण्याचा क्षण असतो.

मग परिस्थिती. वेळ कोणती, शाळा सुटायची आहे का, बाजार भरला आहे का, रस्ता ओला आहे का, तुम्हाला हा भाग माहीत आहे का. पुढचं वाहन काय आहे याला फार महत्त्व आहे. दुचाकीस्वाराला लोखंडी कवच नसतं, त्याचा छोटासा तोल गेला तरी जीव जातो. मागे बसलेला माणूस तर पूर्ण निर्दोष असू शकतो. बस, टँकर किंवा मालानं भरलेला ट्रक असेल तर तो थांबवण्याच्या जवळपास सगळ्या पद्धती बाद होतात. गाडीत लहान मूल दिसलं आणि ते पळवलेलं नसेल, तर मागे जाऊ नका.

आणि स्वतःकडे बघा. पाठलागाचं प्रशिक्षण आहे का? गाडी त्या लायक आहे का, की उंच, जड, माणसं वाहून नेणारी व्हॅन आहे? मागच्या सीटवर आरोपी, साक्षीदार किंवा तक्रारदार बसलाय का? बसला असेल तर विषय संपला. नंबर कळवायचा, दिशा सांगायची, बाकीचं काम दुसऱ्या गाडीचं.

वायरलेस

पाठलाग सुरू झाल्याचं लगेच सांगायचं. "जरा बघू, मग सांगू" यात एक किलोमीटर जातो आणि तोवर वरिष्ठाला थांबवायची संधीच मिळालेली नसते. पहिल्या संदेशात क्रम पक्का हवा, कारण ताणाखाली माणूस आठवेल ते बोलतो. गाडीचा कॉल साइन (वायरलेसवरचं तिचं नाव), "पाठलाग" हा शब्द, ठिकाण आणि दिशा, कारण, गाडीचं वर्णन आणि नंबर, आत किती माणसं, वेग, रहदारी, रस्ता, हवामान. नमुना असा:

"कंट्रोल, पेट्रोल सात. पाठलाग. बायपासवर उत्तरेकडे, मोठा पूल ओलांडला. कारण चाकूच्या धाकानं लूट, दहा मिनिटांपूर्वी. पांढरी सेडान, नंबरचे शेवटचे आकडे चार चार एक सात. आत दोघं. वेग नव्वद. रहदारी तुरळक, रस्ता कोरडा. आम्ही दोघं, चालक प्रशिक्षित. ओव्हर."

ठिकाण आणि दिशा सुरुवातीलाच सांगण्याचं कारण असं की संदेश मध्येच तुटला तरी मदत कुठे पाठवायची ते कळलेलं असतं. कारण मात्र कधीच वगळू नये, कारण वरिष्ठाचा सगळा निर्णय त्या एका वाक्यावर अवलंबून असतो. "गाडी थांबली नाही" हे कारण धरलं जात नाही. थांबवत का होता, ते सांगा.

बोलायचं शेजारी बसलेल्यानं. चालकाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. चालक एकटाच असेल तर दुसरी गाडी मागे पोचताच तिनं वायरलेस हातात घ्यायचा आणि पहिल्या गाडीनं फक्त चालवायचं. बाकी सगळ्यांनी चॅनल मोकळा सोडायचा. "मीही येतोय" असे संदेश एकावर एक आदळले की नेमका थांबण्याचा आदेश ऐकू येत नाही.

पुढचे संदेश छोटे, दर दहा-पंधरा सेकंदांनी किंवा काही बदललं की लगेच: कुठे, कुठल्या दिशेला, किती वेग, रहदारी कशी, तो कसा चालवतोय. गाडीतून काही फेकलं तर जागा सांगा, कोणीतरी नंतर जाऊन उचलेल. तुम्ही थांबू नका. आवाजाकडेही लक्ष हवं. वरिष्ठाला रस्ता दिसत नाही, त्याला फक्त तुमचा आवाज ऐकू येतो. आवाज चढला, वाक्यं तुटायला लागली की अनुभवी वरिष्ठ पाठलाग थांबवतो, आणि ते बरोबरच असतं.

दूर बसलेला माणूस

पाठलागाची जबाबदारी वरिष्ठ अधिकाऱ्यावर असते. त्यानं स्वतः मागे लागू नये. ज्याच्या पायाखाली अॅक्सिलरेटर आहे त्याला थंड डोक्यानं दुसऱ्याला थांबवता येत नाही. पहिला संदेश ऐकला की त्यानं मोठ्यानं सांगायचं की मी ऐकतोय आणि निर्णय माझा आहे. मग "चालू ठेवा" किंवा "थांबा", यातलं एक स्पष्टपणे. वायरलेसवरचं मौन हा होकार धरायचा नाही. वरिष्ठाशी संपर्कच होत नसेल तर पाठलाग सोडून द्यायचा.

त्याच्यासमोर एक कागद हवा: सुरू झाल्याची वेळ, कारण, कोणत्या गाड्या, शेवटचं ठिकाण, शेवटचा वेग. कारण किती वजनदार होतं आणि धोका आत्ता किती वाढलाय हे प्रत्येक मिनिटाला ताडून बघायचं. बोलण्यात तो फार नको, पण प्रश्न टोकदार हवेत. "चालकाची ओळख पटली का?" "पुढच्या दोन किलोमीटरवर काय आहे?" "तुमच्या मागे कोण आहे?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "माहीत नाही" आलं तर तिथे गाड्यांची रांग लागली आहे असं समजा.

मागे फक्त दोन गाड्या, पहिली आणि दुसरी. फार तर तिसरी, तीही वरिष्ठानं नाव घेऊन सांगितली तर. बाकीच्यांनी आपापल्या हद्दीत थांबून पुढचे चौक मोकळे करावेत, साध्या वेगानं. उत्साहानं सामील होणाऱ्या पाचव्या-सहाव्या गाडीला पुढचं काहीच दिसत नसतं, तिच्यासमोर असते फक्त आपल्याच गाडीची डिकी. हेलिकॉप्टर आलं आणि त्याला गाडी दिसते आहे असं त्यानं सांगितलं की खालच्या गाड्यांनी दिवे-सायरन बंद करून मागे पडायचं. मागे कोणी नाही असं वाटलं की पळणारा बहुधा वेग कमी करतो, आणि वरून तो दिसतच राहतो.

हद्द ओलांडायची वेळ येते तेव्हा आधी कळवा. पलीकडच्या कंट्रोलला कारण, वर्णन आणि कोणत्या गाड्या येतायत ते सांगून त्यांची पोच घ्या. त्यांच्या गाड्यांनी ताबा घेतला की तुमच्या गाड्या मागे पडतील. तिथे जाण्याचा अधिकार मिळाला म्हणून तिथले रस्ते ओळखीचे होत नाहीत.

चालवताना

आकडे डोक्यात असलेले बरे. सावध माणसालाही धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरावा. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरला गाडी साधारण ४५ मीटरमध्ये थांबते. १०० ला जवळपास १०० मीटर लागतात, १४० ला १७० च्या आसपास. ओल्या रस्त्यावर १०० च्या वेगालाच १४० मीटर जातात. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, त्यामुळे "थोडासाच वेग वाढवला" असं काही नसतं. पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचं अंतर ठेवा, १०० ला ते ५६ मीटर भरतं. ओल्यावर त्याच्या दुप्पट. जवळ गेल्यानं तो थांबत नाही, उलट घाबरून आणखी दाबतो. आणि तो धडकला की तुम्हीही त्याच धडकेत सापडता.

नजर पळणाऱ्या गाडीच्या दिव्यांवर खिळली की हात आपोआप तिकडेच गाडी नेतात. तो वळण चुकून खड्ड्यात गेला तर मागचाही त्याच वाटेनं जातो. नजर त्याच्या पलीकडे, चौकावर, फुटपाथवर, पुढच्या वळणावर हवी. त्याचा ब्रेक दिवा ही माहिती आहे. तो जिथे दचकला तिथे काहीतरी आहे.

सायरनवर भरवसा ठेवणारे फार आहेत, म्हणून एक हिशेब. चांगल्या सायरनचा आवाज ३ मीटरवर साधारण १२० डेसिबल असतो. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे सुमारे १०० मीटरवर ९० उरतात. बंद काचा त्यातले २५ ते ३० खातात. आत ६०-६५ पोचतात, आणि आत तर गाणी, पंखा, टायरचा आवाज मिळून तेवढाच गोंगाट आधीच असतो. थोडक्यात, समोरच्याला १०० मीटरवर सायरन ऐकू येत नाही. ताशी १०० ला ते अंतर तुम्ही साडेतीन सेकंदांत कापता. आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला तर कोपऱ्यावरच्या इमारतींमुळे आणखी उशिरा कळतं. तो तुम्हाला रस्ता देईल अशी आशा ठेवा, पण विसंबू नका.

म्हणून चौक. लाल दिव्यावर असा वेग हवा की गरज पडली तर तिथेच पूर्ण थांबता येईल. प्रत्येक लेन वेगळी बघून, मोकळी आहे असं पटल्यावरच पुढची. पहिल्या लेनमधला ट्रक तुमच्यासाठी थांबला, पण त्याच ट्रकमुळे दुसऱ्या लेनमधल्या माणसाला तुम्ही दिसत नाही. चौकात शिरण्याआधी सायरनचा सूर बदला, एकसुरी आवाजाकडे कान दुर्लक्ष करतो. आणि दुसऱ्या गाडीनं पहिल्यापेक्षा वेगळा सूर लावायचा. दोघांचा सारखाच सूर असला की लोकांना वाटतं एकच गाडी होती आणि ती गेली. ते निघतात आणि दुसरी गाडी त्यांच्यावर येते. चौकातले अपघात दुसऱ्या गाडीचेच पुष्कळदा होतात, त्यामुळे तिनं पहिल्यापेक्षा हळू शिरायचं.

पळणारा दुभाजक ओलांडून उलट्या दिशेनं गेला तर मागे जाऊ नये, कधीच. स्वतःच्या बाजूनं समांतर चालत कंट्रोलला सांगा, समोरून येणाऱ्यांना सावध करता येतं का बघा. रेल्वे फाटक बंद होत असेल तर थांबा.

शरीरही खोटं सांगतं. दहा मिनिटं १२० नं चालवल्यावर ६० चा वेग रांगल्यासारखा वाटतो, आणि महामार्गावरून गावात शिरताना हाच भास घात करतो. अॅड्रेनलिन चढलं की बाजूचं दिसेनासं होतं, वायरलेस ऐकू येईनासा होतो. शेजाऱ्यानं मोठ्यानं वेग वाचत राहायचं: "एकशेदहा. शाळा. कमी कर." खांदे सैल सोडायचे, नाकानं चार आकड्यांत श्वास आत, चार आकड्यांत बाहेर. खुळचट वाटतं, पण नजर खरंच रुंदावते.

सक्तीनं थांबवणं

या पद्धती फक्त प्रशिक्षित माणसांनी, वरिष्ठाच्या परवानगीनं वापरायच्या. वाचून शिकायच्या नाहीत, म्हणून इथे फक्त चुकतं कुठे ते.

काट्यांची पट्टी सगळ्यांत कमी धोक्याची, तरी ती टाकणारे पोलीस गाडीखाली सापडून मेले आहेत. पोकळ खिळे टायरमध्ये रुततात आणि त्यांतून हवा हळूहळू जाते, त्यामुळे टायर फुटत नाही, काही सेकंदांत बसत जातो. टाकणाऱ्यानं आधी भक्कम आडोसा निवडायचा: पुलाचा खांब, काँक्रीटचा कठडा. स्वतःची उभी गाडी हा आडोसा नव्हे. लांबून नीट दिसणारी सरळ जागा हवी आणि पळून जायला वाट हवी. पळणारा पट्टी बघून कुठल्याही बाजूला वळू शकतो, बहुधा टाकणाऱ्याच्याच. तो गेला की दोरी ओढून पट्टी लगेच काढायची, नाहीतर मागून आपल्याच गाड्या तिच्यावरून जातात. म्हणून मागच्यांना आधी सांगायचं आणि त्यांनी अंतर वाढवायचं. दुचाकी, बस, ज्वालाग्राही माल यांच्यासाठी पट्टी वापरत नाहीत.

घेरून थांबवण्यासाठी तीन-चार सराव केलेल्या गाड्या आणि बऱ्यापैकी कमी वेग लागतो. मागच्या चाकाजवळ धक्का देऊन गाडी गरकन फिरवण्याच्या डावाला अनेक खाती ताशी साधारण ५५ किलोमीटरची कमाल मर्यादा घालतात. त्याहून जास्त वेगाला गाडी उलटू शकते, आणि उंच गाडी त्याआधीही उलटू शकते.

रस्ता पूर्ण अडवणं प्राणघातक बळात मोडतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८९ मध्ये आलेल्या ब्रोअर विरुद्ध काउंटी ऑफ इन्यो या खटल्यात वळणामागे अठरा चाकी ट्रेलर आडवा लावल्याचा आरोप होता. पळणारा चालक त्यावर आदळून मरण पावला. अशी नाकाबंदी म्हणजे माणसाला बळानं पकडणंच आहे आणि ते वाजवी होतं का हे तपासलं जाईल, असं न्यायालयानं म्हटलं. नाकाबंदी लांबून दिसायला हवी, दिवे लावलेली, आणि गाड्यांमध्ये कोणी बसलेलं नको. नागरिकांच्या गाड्या आडव्या लावणं तर गुन्ह्याच्या पातळीचा निष्काळजीपणा आहे.

पळत्या गाडीवर गोळी झाडू नका. टायरला लागली तरी गाडी थांबत नाही, चालकाला लागली तर दीड टन लोखंड बिनचालकाचं पळतं. गाडीतूनच गोळ्या येत असतील किंवा गाडी माणसांवर घातली जात असेल, त्याचे नियम वेगळे.

सोडून देणं

ओळख पटली, नजरेआड झाला, वायरलेस तुटला, सायरन किंवा दिवे बंद पडले, रहदारी वाढली, तो उलट्या दिशेनं गेला, ब्रेकचा वास आला, किंवा वरिष्ठानं सांगितलं. यातलं काहीही एक पुरेसं आहे. याशिवाय गाडीतल्या कोणालाही, मग तो कितीही नवा असो, "सोडा" म्हणण्याचा अधिकार हवा आणि त्याबद्दल नंतर टोमणे नकोत. हा नियम कागदावर सगळीकडे असतो, पण चहाच्या टेबलावर मोडतो. ठाण्याच्या प्रमुखानं तो तिथे पाळून घ्यायला हवा.

कोणी जखमी झालं तर आधी मदत. मागच्या गाडीनं थांबायचं, दुसरी गाडी नसेल तर पहिलीनं.

सोडलं म्हणजे काय, हे ठरलेलं असावं. वेग कायद्याच्या मर्यादेत आणा, दिवे आणि सायरन बंद करा, पहिल्या वळणावर वळा किंवा कडेला थांबा, मग वायरलेसवर ठिकाण आणि वेळ सांगा. सगळ्या गाड्यांनी एकेक करून "थांबलो" असं कळवायचं. दिवे बंद करून तोच वेग धरून मागे जाणं हा पाठलागच आहे, फक्त आता लोकांना सूचनाही मिळत नाही. नवं काही कळल्याशिवाय आणि वरिष्ठाच्या परवानगीशिवाय पुन्हा सुरू करायचा नाही. तोच माणूस पाच मिनिटांनी दुसऱ्या चौकात दिसला, एवढ्यानं नवं कारण तयार होत नाही.

गाडी थांबल्यावर

पोलिसांचा हात सुटण्याची जागा बहुधा हीच. पाठलाग करणाऱ्या पोलीस चालकाचं रक्त तापलेलं असतं, म्हणून अटक दुसऱ्या गाडीतल्यांनी करावी. पहिल्यानं आपल्या दाराच्या आडून लक्ष ठेवायचं. गाडी ८-१० मीटर मागे, किंचित तिरकी लावा. धावत जाऊन दार उघडू नका. हुकूम एकानंच द्यायचे. तिघं तीन वेगळ्या गोष्टी ओरडले की तो कुठलीच करत नाही आणि त्याला विरोध समजलं जातं. इंजिन बंद, किल्ली बाहेर, हात दिसतील असे, एकेक जण मागे चालत. तो उतरून पळाला तर सगळ्यांनी मागे धावू नये. आपली गाडी चालू आणि उघडी टाकून जाऊ नका, आणि गाडीत आणखी कोणी लपलंय का ते बघायला एक जण मागे हवाच.

बेड्या पडल्या की हिंसा संपली. दुखापत दिसत नसली तरी डॉक्टरची तपासणी करून घ्या, पोटातला रक्तस्राव सुरुवातीला दिसत नाही. आपल्या माणसांचीही करा. तापलेली गाडी वाळक्या गवतावर उभी करू नका, खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा, फार तापणारा भाग) गवत पेटवू शकतो.

कागद त्याच ड्युटीत पुरे करा. सुरू आणि संपल्याची वेळ, कारण, मार्ग, कमाल वेग, हवामान, कोणत्या गाड्या, कोणी परवानगी दिली, कोणती पद्धत वापरली, का संपला. प्रत्येकानं आपला अहवाल स्वतंत्र लिहायचा, एकमेकांचा वाचून नाही. डॅशकॅम, बॉडी कॅमेरा आणि वायरलेसचं रेकॉर्डिंग लगेच वेगळं जतन करा, कारण अनेक यंत्रणा काही दिवसांनी जुनं चित्रण आपोआप पुसतात. २००७ च्या स्कॉट विरुद्ध हॅरिस खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं डॅशकॅमचं चित्रण स्वतः पाहून निकाल दिला. तिथे ते पोलिसांच्या बाजूनं गेलं. उलटही जाऊ शकतं, आणि तरीही ते जपायचंच.

सोडून दिलेल्या पाठलागाचीही तितकीच पूर्ण नोंद करा. चांगले निर्णय अशाच कागदांत सापडतात आणि पुढच्या प्रशिक्षणाला तेच उपयोगी पडतात. गाडी मात्र लगेच पुढच्या पाळीला देऊ नका. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायरच्या बाजूच्या भिंती आणि चाकाचे नट मेकॅनिकनं तपासून सही केल्यावरच ती रस्त्यावर जाईल.